कानामागची टिकली

वाटीत बासुंदी पडली आणि चव घ्यायच्या आधीच शलाका ठोंबरेच्या नाकाला ती कळली. नासलेली होती. जराशी आंबट वगैरे नाही, चांगली नासलेली. चमचा उचलला की तार सुटत होती, आणि वर मुद्दाम घातलेल्या सीताफळाच्या गरालाही तो वास झाकता येत नव्हता.

"अरे, थांबा! कुणी खाऊ नका," ती ओरडली. "बासुंदी नासलीय!"

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं आणि चमचे पुन्हा चालू झाले.

"हो, येतोय खरा वास," तेजल पोतनीस म्हणाली आणि तिने वाटी बोटाने पुसून चाटली.

शी! शलाकाने स्वतःची वाटी इतकी लांब ढकलली की ती मिठाच्या बशीवर जाऊन आदळली.

गंगापूर धरणाच्या काठावरच्या रिसॉर्टमध्ये त्यांच्या एमबीएच्या बॅचचं स्नेहसंमेलन चाललं होतं. पास होऊन पंचवीस वर्षं उलटून गेली होती, पण पद्धत जुनीच. दुपारच्या जेवणाला मकरंद गायधनीने, म्हणजे त्यांच्या वर्गप्रतिनिधीने, वर्गातल्यासारखी हजेरी घ्यायची आणि ज्याचा नंबर येईल त्याने उठून आपली खबरबात सांगायची. नोकरी, धंदा, मुलंबाळं, आईवडील. पूर्वी यात मजा असायची. कुणी फुशारकी मारायचं, मग सगळे त्याची पिसं काढायचे. घटस्फोटाचं सांगताना एखादीला रडू फुटायचं आणि पुढचा नंबर पुकारायला मकरंद बराच वेळ थांबायचा.

आता कुणालाच रडू फुटत नव्हतं. शलाका सोडून प्रत्येकाच्या कानामागे टिकली होती.

टिकली हे आपलं लोकांनी पाडलेलं नाव. नखाएवढी, कातडीच्या रंगाची चकती. तिच्यातून आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी निघतात आणि कवटीतून आत जाऊन मेंदूची एक घडी निजवतात. इन्सुला म्हणतात त्या घडीला. किळस तिथे जागी होते. भाजलेल्या रुग्णांची ड्रेसिंग करणाऱ्या नर्सेससाठी कुणा भल्या माणसाने ही चकती बनवली होती, आणि त्या बिचाऱ्यांना तिचा फार उपयोग झाला. मग लक्षात आलं की सडलेल्या अन्नाची किळस आणि सडक्या वागण्याची किळस, दोन्हींसाठी मेंदू तीच घडी वापरतो. एक निजवली की दुसरीही निजते. झालं! कंपन्यांना तेवढंच हवं होतं. दोन वर्षांत टिकली मॅनेजरांच्या कानामागे जाऊन बसली.

"पुढचा नंबर, दिग्विजय मोहिते!" मकरंदने पुकारलं.

दिग्विजय उठला. कॉलेजात असताना रस्त्यावरची कुत्र्याची पिल्लं हॉस्टेलवर आणून लपवणारा हाच तो. "धंदा उत्तम," तो म्हणाला. "आई गेली मार्चमध्ये. त्या दिवशी मोठं डील होतं, म्हणून अंत्यविधी लॅपटॉपच्या कोपऱ्यात लावून ठेवला, आवाज बंद करून. डील झालं! वडिलांना तेजलच्या वृद्धाश्रमात टाकलंय. तिने बॅचमेट म्हणून सूट दिली."

टाळ्या पडल्या. तेजल बसल्या जागेवरूनच म्हणाली, "सूट परवडते रे. आमच्याकडे हल्ली कुणी फार दिवस राहत नाही. रात्रीच्या नर्सेस काढून टाकल्या ना, खोल्या पटापट रिकाम्या होतात."

पुन्हा टाळ्या. दिग्विजयनेही वाजवल्या.

ही तेजल! शलाकाला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसून पेज भरवणारी. शलाकाच्या मनात आलं, उठावं आणि हिच्या एक थोबाडीत द्यावी. पण ती बसून राहिली, कारण तिला मकरंदशी बोलायचं होतं. या घाणीत ती आली होती ती फक्त तेवढ्यासाठी.

तिची मुलगी अन्वया मकरंदच्या आरोग्य विमा कंपनीत होती. काम काय, तर आजारी माणसांचे अर्ज वाचायचे आणि पैसे नाकारायला कारण शोधायचं. तीन महिने केलं तिने. रोज घरी येऊन ताटावर बसायची आणि घास तोंडात फिरत राहायचा. शेवटी राजीनामा देऊन मोकळी झाली. शलाकाला त्या दिवशी पोरीचा इतका अभिमान वाटला होता की ती शिकवायची त्या कॉलेजातल्या सगळ्या सहकाऱ्यांना तिने सांगितलं. पुढे बाळ झालं, घरात बसून अन्वया कंटाळली, आणि आता मकरंद तिला परत बोलावत होता. या वेळी अट होती. टिकली लावायची. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

हजेरी संपल्यावर शलाकाने मकरंदला खिडकीपाशी गाठलं.

"मक्या, अन्वयाला दुसरं काहीतरी काम दे. हिशेबाचं दे, ट्रेनिंगचं दे. पण तिला टिकली लावायला लावू नकोस."

"मास्तरीणबाई, अजून तशाच आहात," मकरंद हसला. त्याच्या मिशीला बासुंदी लागली होती. "बिनटिकलीची माणसं टिकत नाहीत गं. तुझीच नाही का पळाली?"

"पळाली ते बरंच झालं. त्या अर्जांचा तिला वास येत होता."

"वास आम्हालाही येतो. टिकली काही नाक बंद करत नाही. नाकाने बातमी दिली की आत जो बोंब मारत सुटतो ना, त्याला ती गप्प बसवते. किती शांत वाटतं, तुला कल्पना नाही."

"अरे, तू मघाशी नासकं खाल्लंस! सगळ्यांनी खाल्लंत. रात्री लोळाल पोट धरून."

"त्यावर गोळी मिळते," तो म्हणाला, आणि ते त्याला खरंच पुरेसं वाटत होतं. "आणि अन्वयाचं म्हणशील तर तिलाच विचार. ही बघ, आलीच."

अन्वया आईला न्यायला आली होती. कडेवर अकरा महिन्यांचा मितू, खांद्यावर पिशवी, आणि केस मोकळे सोडलेले. मितू केस ओढतो म्हणून ती एरवी घट्ट अंबाडा घालायची.

"ये ये, काही न खाता जायचं नाही," म्हणत तेजलने तिच्या हातात वाटी दिली.

"नको गं, ते खाऊ नको..." शलाका बोलत पुढे झाली, पण लोकांच्या खुर्च्या आड येत होत्या. अन्वयाने चमचा तोंडात घातला. क्षणभर थांबली. शलाकाचा जीव तिच्या ओठांकडे लागला होता. थुंक, बाई. थुंकून टाक.

अन्वयाने गिळलं. मग दुसरा चमचा घेतला.

"अगं, नासलीय ती!"

"हो ना, तार सुटलीय," अन्वया म्हणाली. "पण गोड आहे चांगली."

शलाका तिच्यापाशी पोचली आणि तिने लेकीचे केस बाजूला केले. टिकली तिथे होती. चिकटवून काही दिवस झाले असावेत, कडेने मळ धरला होता.

"सांगणार होते गं आई," अन्वया म्हणाली. "तू चिडशील म्हणून थांबले. पण खरं सांगू? दोन वर्षांनी मला शांत झोप लागतेय."

तिच्या आवाजात अपराधीपणाचा लवलेश नव्हता. शलाकाला वाटलं, किंचाळावं, चकती नखाने उपटावी, सगळी टेबलं उलथून टाकावीत. पण तोवर अन्वयाने चमचा पुन्हा भरला होता आणि मितूच्या तोंडाशी नेला होता.

"अगं, काय करतेस!"

चमचा तोंडात गेला. मितूने नाक मुरडलं, डोळे मिटले, जीभ सबंध बाहेर काढली, आणि घेतलेला घास फुर्रकन आईच्या कुर्त्यावर उडवला. मग अंगभर शहारला आणि भोकाड पसरलं.

सगळा हॉल हसला. शलाकाने त्याला ओढून स्वतःकडे घेतलं, पदराने त्याची जीभ पुसली आणि छातीशी धरलं. या सबंध खोलीत तिच्यासारखं तोंड वाकडं करणारं हे एकच माणूस उरलं होतं. तिला रडू आलं आणि बरंही वाटलं.

"शहाणा माझा राजा," ती पुटपुटत राहिली. "शहाणा गं बाई माझा."

"खाण्यात फार नाटकं करतो का गं हा?" तेजलने विचारलं.

"खूप!" अन्वया कुर्ता पुसत म्हणाली. "रोज तासभर जातो माझा त्याला भरवण्यात."

"मग थांब थोडी. पुढच्या वर्षी लहान मुलांसाठी टिकली येतेय. अजून बाजारात नाही, पण मकरंद काढून देईल आपल्याला."

अन्वयाने मितूकडे पाहिलं. तो आजीच्या खांद्यावर डोकं टाकून हुंदके देत होता. त्याच्या केसांवरून हात फिरवताना तिची बोटं कानामागे येऊन थांबली. मग ती मकरंदकडे वळली.

"काका," तिने विचारलं, "कितव्या महिन्यापासून लावता येते?"