पाझरणारी बरणी

"माझा शर्ट!" केयूर गॅलरीतून इतक्या जोरात ओरडला, की उल्काच्या हातातली पोह्यांची बशी पडता पडता राहिली. "उद्या मॅच आहे आणि हे बघ काय झालंय!"

उल्का धावली. दोरीवरच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर पिवळेलाल डाग पडले होते. वरच्या गॅलरीतून आणखी एक थेंब आला. टप्प!

"थांबा, पुसू नका!" शेजारच्या प्रज्ञेशने डागाला नाकच लावलं. "मोहरी, हिंग, कैरी. लोणचं आहे! अगदी ताजं!" खाण्याच्या बाबतीत त्याचं नाक कधी चुकत नसे.

"वा! इथे आईची बरणी गेलीय आणि तुला लोणचं सुचतंय," केयूर करवादला.

कालपासून घरात त्या बरणीशिवाय दुसरा विषय नव्हता. उल्का सुट्टीसाठी लोणी काळभोरहून हडपसरला राजनंदिनी आत्याकडे, म्हणजे केयूरच्या आईकडे, आली होती, ती मुळी आत्याची भट्टी बघायलाच. आत्या राकू या जपानी पद्धतीने मातीच्या बरण्या भाजायची. भट्टीतून लालबुंद बरणी लांब चिमट्याने उचलायची, थेट भुशाने भरलेल्या पिंपात ठेवायची आणि भडका उडाला की धाडकन झाकण! आत कोंडलेल्या धुराने कोणते रंग चढतील, हे खुद्द आत्यालाही सांगता येत नसे. एवढी मोठी बरणी तर दर वेळी तडकायची. काल पहिल्यांदाच अख्खी निघाली. काय सुंदर मोरपंखी रंग! पार्किंगच्या कट्ट्यावर ठेवून सगळे जेवायला वर गेले आणि येऊन बघतात तो कट्टा रिकामा!

उद्या आत्याचं पहिलंवहिलं प्रदर्शन. मधली जागा त्या बरणीसाठी राखलेली. काल रात्री आत्या कुणावर रागावली नाही. ताट मात्र तसंच सरकवून उठली. उल्काला ते फार लागलं होतं.

"केयूर," ती एकदम म्हणाली, "चिनी मातीची बरणी पाझरते का रे?"

"छे!"

"काचेची?"

"वेडी आहेस का?"

"पण राकूची पाझरते! आत्यानेच सांगितलंय, त्या मातीत पाणीसुद्धा राहत नाही!"

तिघांनीही माना वर केल्या. वर राहत होते सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर काका. पार्किंगमधली पाटी त्यांचीच : 'येथे ठेवलेली वस्तू बेवारस समजली जाईल. नंतर वाद घालू नये.'

"सरळ विचारूया?" प्रज्ञेश म्हणाला.

"काकांना? लिफ्ट बंद पडली तरी ते चढणाऱ्याची चूक काढतात," केयूर म्हणाला. "आधी काकूंना गाठू."

मथुराकाकूंनी दार उघडताच प्रज्ञेशने तोफ डागली, "काकू, लोणच्याचा वास खालपर्यंत आलाय हो!"

काकू खुलल्या. "येणारच! यंदा बरणीच तशी आहे. दोन वर्षं यांच्या मागे लागले होते, काल आणली एकदाची!"

गॅलरीत, तोंडाला फडकं बांधून, मोरपंखी बरणी बसली होती. खाली तेलाचं थारोळं! काकूंनी वाटीत फोडी काढल्या आणि प्रज्ञेशचा हात पुढे झाला. उल्काने फाडकन त्यावर चापट मारली.

"खाऊ नका! काकू, ही शोभेची बरणी आहे. हिच्या लेपात तांबं आहे, ते आंबटाने लोणच्यात उतरतं!"

"कसला आरडाओरडा?" काका पेपर घेऊन बाहेर आले. "बरणी मी तुळशीबागेतून आणलीय."

"मग काका, तिच्या तळाला माझा अंगठा कसा?"

काकांचा पेपर जरा खाली आला. माती ओली असताना उल्काने ती चुकून दाबली होती. "राहू दे, तुझी सही," असं म्हणून आत्याने तो ठसा तसाच ठेवला होता. काकूंनी लोणचं पातेल्यात काढलं आणि बरणी पालथी केली. उल्काने ठशावर अंगठा टेकवला. बसला! जरा घट्टच, कारण भाजल्यावर माती आकसते.

"अहो!" काकू एवढंच म्हणाल्या.

"ते... पाटीवर स्पष्ट लिहिलं आहे की—"

"तुळशीबाग कुठे लिहिलीय पाटीवर?"

बरणी मिळाली! पण आत्याच्या हातात देताना उल्काला रडूच फुटलं. रंगावर तेलकट काळपट पट्टे उमटले होते.

"धुऊन जाईल ना गं?"

"नाही, आत मुरलंय." आत्या बराच वेळ बरणी फिरवत राहिली. मग तिचे डोळे चमकले. "पण जळेल! पुन्हा भाजून बघू? तडकली तर गेली. अशी ठेवली तरी गेल्यातच जमा."

"भाजू!" तिघं एका सुरात ओरडले.

दुपारी मागच्या अंगणात भट्टी पेटली. काकूंच्या हुकमावरून खुद्द काका पाण्याचा पाइप धरून उभे! लोणच्याच्या खमंग धुराने अख्खी सोसायटी गॅलऱ्यांत गोळा झाली. आत्याने लालबुंद बरणी उचलून पिंपात ठेवली आणि भडका उडाला.

"उल्का, झाकण!"

जाडजूड हातमोजे घातलेल्या उल्काने झाकण दाबलं. तडकल्याचा आवाज येतोय का? नाही... नाही!

धूर विरल्यावर आत्याने बरणी बाहेर काढली. अख्खी! आणि मोरपंखी रंगावर केशरी-तांबूस ज्वाळा! असा रंग आत्याच्या एकाही बरणीवर कधी आला नव्हता.

"मीठ!" आत्या किंचाळलीच. "लोणच्याच्या मिठाने रंग धरला!" तिने उल्काला उचलून गरकन फिरवलं. "पोरांनो, तुम्ही नुसती बरणी नाही शोधलीत, माझं प्रदर्शन वाचवलंत!"

दुसऱ्या दिवशी सगळी गर्दी त्या बरणीभोवतीच होती. खाली पाटी होती : 'घडण : राजनंदिनी. अंगठा : उल्का. शोध : केयूर आणि प्रज्ञेश. मीठ-मसाला : मथुराबाई.'

काकांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. "पोरं हुशार आहेत, मानलं! पण माझं नाव कुठे आहे?"

"तुमच्यासाठी वेगळी पाटी आहे, काका," उल्काने बरणीमागे बोट दाखवलं. "खास तुमच्याच भाषेत."

काका वाकले. तिथे लिहिलं होतं : 'ही वस्तू बेवारस नाही. नंतर वाद घालू नये.'