उभं राहण्याचा व्यायाम

सासऱ्यांनी कागद वाचलासुद्धा नाही. डाव्या हातात बळ नव्हतं म्हणून उजव्यानेच त्याची घडी घालून उशीखाली सरकवला, आणि सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभं राहण्याच्या व्यायामाचा हा सहावा कागद होता...

माणसाची प्रकृती पाहून व्यायाम आखून देणं हाच तिचा व्यवसाय. कुणाचा खांदा आखडलेला, कुणी दिवसभर खुर्चीत, कुणाला जेमतेम दहा मिनिटांची सवड... जसा माणूस, तसा तक्ता. पण सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला आणि तिने आपला व्यायामाचा वर्ग बंद केला. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, दुसरं कुणी पुढे आलं नाही म्हणून. सासऱ्यांनी जन्मभर बस चालवलेली, म्हणून तिने क्लच-ब्रेक दाबल्यासारखे पायांचे व्यायाम बसवले. ते त्यांनी केले. हातांचेही केले. मात्र पलंगावरून उभं राहायची वेळ आली की म्हातारा दगडासारखा गप्प. नवऱ्याला सांगावं, तर तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणायचा, "तुझं ऐकतात ते. तूच बघ."

"बाबा, मी हात टेकले आता," ती म्हणाली, आणि इतके दिवस गिळलेलं सगळं ओठांवर आलं. "उभे राहिला नाहीत तर पायांतलं उरलंसुरलं बळही जाईल. अंथरुणातच राहायचंय का तुम्हाला? मग मी माझं सगळं सोडून इथे काय करतेय?"

"तेच बघतोय मी," सासरे एकेक शब्द जुळवत म्हणाले. "मला उठवताना तू... ओठ चावतेस. मग ओट्याला धरून वाकून उभी राहतेस. इथून दिसतं मला."

तिने कमरेवरचा हात चटकन खाली घेतला.

"माझ्यापायी तुझी कंबर जायची... त्यापेक्षा मी पडून बरा. सगळ्यांना विचारतेस ना, कधीपासून दुखतंय म्हणून? आता तू सांग. कधीपासून?"

आजवर हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

"दीड वर्ष..."

सासऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या आजारपणालाही दीडच वर्ष झालं होतं.

दारात नवरा उभा होता, ऑफिसची बॅग खांद्यालाच. कधीचा, कोण जाणे. त्याने बॅग खाली ठेवली.

"कसं उठवायचं, दाखव मला."

"कंबरेत वाकू नकोस, गुडघ्यांत वाक. हा आधाराचा पट्टा त्यांच्या कमरेला बांध आणि तोच धर, दंड नको. अरे, ओढतोस काय असा, पोतं आहे का ते?" दोनदा सासरे अर्ध्यातून परत पलंगावर बसले, आणि दोन्ही वेळा तिने कपाळाला हात लावला.

तिसऱ्यांदा ते उभे राहिले... थरथरत, लेकाच्या छातीला टेकून. ती धरायला धावली.

"तू बस," दोघंही एकदमच म्हणाले.

ती बसली.