कोऱ्या कुपीतलं सतरावं मिनिट

"आधी कोरी कुपी चालव, मेरेसेइनी. रेघ सपाट आली की मगच तेलाला हात लाव." मला हे काम शिकवणाऱ्या अकानिसीबाईंचा हा आवाज अजून कानात आहे.

सावुसावू गावातल्या आमच्या खोबरेलाच्या गिरणीत मी तेल तपासते. यंत्राच्या बारीक नळीतून तेल ढकललं की त्यातलं एकेक स्निग्धाम्ल, तेला-चरबीचा घटक, आपापल्या ठरल्या मिनिटाला बाहेर पडतं, कागदावरच्या रेघेत टोक उमटतं. कोऱ्या कुपीत नुसतं द्रावक, तेल नाही. तिथे काहीच उमटू नये.

बाई नाहीशा होऊन आठ महिने झाले. त्यांचा नवरा तेविता, गिरणीचा मालक, हसून सांगतो, "सुवा शहरात पळाली. शिकलेली ना!" बाईंच्या आईला, नाऊंना, मी शब्द दिला होता, "सापडल्या की मीच घरी आणीन." नाऊ रोज लेकीची चटई उन्हात घालतात.

सोमवारी उपासाची प्रार्थना आटोपून कोरी कुपी चालवली. सतराव्या मिनिटाला टोक. बोटाचं तेल लागलं असेल म्हणून सगळं धुतलं. द्रावक बदललं, नळी बदलली. मंगळवारी टोक दुप्पट उंच. गिरणीचं तेल मात्र निर्मळ.

बुधवारी बाईंची वही काढली. गिरणीमागच्या अळवाच्या दलदलीत बुडालेलं एक डुक्कर वर्षाने निघालं होतं, चरबीचं पांढरं मेण झालेलं. बाईंनी तेही तपासलं होतं. पुढे मिनिटाचा आकडा होता : सतरा.

तेवढ्यात तेविता आला. "काय गं उपासकरीण, तोंड का उतरलंय? तेल खराब निघालं?"

"तेल चांगलं आहे."

त्याने कागद उचलला. "मग हे टोक कुणाचं?"

"कुणाचंच नाही. कुपी कोरी होती."

"मग फाडून टाक. जे नाहीच, त्याच्यासाठी कसलं सुतक?" स्वतःच फाडून त्याने तुकडे माझ्या ओंजळीत ठेवले.

गुरुवारी रेघ सपाट आली.

मी हुश्श केलं. कुपी धुवायला उचलली.

काचेवर पांढुरकं, मेणचट बोट उमटलं होतं. घासलं. निघेना.

ठसा आतून होता.

त्या कुपीच्या तोंडात काडीसुद्धा जेमतेम जाते.

भर दुपारी नाऊंकडे गेले, चटई मागितली. त्यांनी ती उन्हातून उचलली. नीट गुंडाळून हातात दिली.

"येताना जड होईल गं," त्या म्हणाल्या. "ओली असेल ती."

मी पडवीतलं फावडं घेतलं आणि गिरणीमागच्या वाटेला लागले.