बाबागाडीला पाय नसतात

बाबागाडी तीच, मुलं तीच, पायरीही तीच. सरळ ढकलली की गाडी पायरीशी अडून बसे. उलटी फिरवून मागच्या चाकांवर ओढली की कुरकुरत का होईना, चढे. असं का, हा प्रश्न कृत्तिका भोईटेला दर मंगळवारी सतरा वेळा पडे, कारण घरापासून आरोग्य केंद्रापर्यंतच्या सहाशे मीटर पदपथावर बरोबर सतरा पायऱ्या चढाव्या लागत. उत्तर शोधायला मात्र तिला कधी सवड मिळाली नव्हती. अशा वेळी तिचे हात गाडीखाली असत आणि डोकं रागाने तापलेलं असे.

गोष्ट आहे २०६१ सालची, नवतारा नावाच्या शहरातली. रस्ता म्हणाल तर असा गुळगुळीत, की विनाचालक गाडीत बसून काठोकाठ भरलेला चहा प्यावा. शेजारच्या पदपथाचं मात्र कुणाला सोयरसुतक नव्हतं. प्रत्येक इमारतीच्या फाटकाशी, गाड्यांना आत-बाहेर करता यावं म्हणून, पदपथ कापून रस्त्याच्या पातळीला आणलेला. फाटक ओलांडलं की पुन्हा नऊ सेंटीमीटरची पायरी. गाड्यांची सोय झाली, आणि चालणाऱ्यांच्या नशिबी चढ-उतर आली.

कृत्तिकाची धाकटी बहीण तानू वेळेआधी जन्मली होती. तिच्या पायांत बळ यावं म्हणून दर मंगळवारी तिला व्यायामासाठी केंद्रावर न्यावं लागे. मधला भाऊ अंबर अडीच वर्षांचा, त्याला घरी ठेवायला कुणी नाही. बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. म्हणून पुढच्या आसनावर अंबर, मागच्यावर तानू, दांड्याला पिशवी, अशी वरात निघे. आई दांडा धरी आणि प्रत्येक पायरीला गाडी उचलायला कृत्तिका. म्हणजे दर मंगळवारी तिची शाळा बुडे, आणि सहावीचा प्रयोगशाळेचा तास नेमका मंगळवारीच असे.

त्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला चौथ्या पायरीशी त्यांना एक यंत्रमानव भेटला. बकरीसारखे चार बारीक पाय, दोन लांब हात, पाठीवर दोन पेट्या. तो टुणकन पायरी चढला, टुणकन उतरला आणि भिंतीवर हिरवा कागद चिकटवून पुढे निघाला. कागदावर एकच शब्द होता : सुगम.

“ए, थांब,” कृत्तिका म्हणाली. “सुगम म्हणजे काय?”

“मी पथ-तपासनीस क्रमांक नऊ,” यंत्रमानव अदबीने म्हणाला. “सुगम म्हणजे जिथून सहज जाता येते असे. सदर पदपथ सुगम आढळून आला. अहवाल बारा वाजता जाईल. त्यानंतर पाच वर्षे दुरुस्तीची गरज नाही.”

“पाच वर्षं?” आईने दांडा सोडला. “अरे बाबा, पाच वर्षांनी ही पोरं या पायऱ्यांवरून उड्या मारत जातील. मग दुरुस्त करून काय उपयोग?”

“आपली तक्रार नगरपालिकेच्या तक्रारपेटीत टाकता येईल. पाळी यायला अकरा महिने लागतात. माझ्या अहवालात मी फक्त स्वतः अनुभवलेले लिहू शकतो.”

“आणि बाबागाडीचं काय?” कृत्तिकाने विचारलं.

“नियमात शब्द ‘पादचारी’ असा आहे. पाद म्हणजे पाय. बाबागाडीला पाय नसतात.”

कृत्तिकाला भयंकर संताप आला. “तानूला पाय आहेत,” ती म्हणाली. “तिला चालता येत नाही अजून, एवढंच. आणि अंबरला चालता येतं, पण सोडला की तो थेट रस्त्यावर धावतो. त्यांनी घरातच बसायचं का, तुझ्या शब्दासाठी?”

यंत्रमानव पुढे निघाला, तशी ती त्याला आडवी आली.

“बरं, मला एक सांग. प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं ना तुला? ही गाडी सरळ ढकलली की का चढत नाही?”

हे विचारल्यावर मात्र तपासनिसाला हुरूप आला. “त्या फाटकाची झडप कडीजवळ धरून ढकला.” कृत्तिकाने ढकलली, झडप एका बोटाने उघडली. “आता बिजागरीजवळ ढकला.” तिने सगळा जोर लावला तरी झडप हलेना.

“जोर तोच,” तो म्हणाला, “पण बिजागरीपासून जितक्या लांबून लावाल तितकी वस्तू सहज वळते. या वळवण्याच्या ताकदीला आघूर्ण (जोर गुणिले बिजागरीपासूनचे अंतर) म्हणतात. अंतर शून्य, तर आघूर्ण शून्य.”

“पण पायरीला बिजागरी कुठे आहे?”

“आहे. चाक पायरी चढते तेव्हा ते पायरीच्या कोपऱ्याभोवती वळते. तो कोपराच बिजागरी. आणि आपला जोर चाकाला लागतो तो मधोमध, आसावर (ज्या दांडीभोवती चाक फिरते तिच्यावर). म्हणजे आस कोपऱ्यापेक्षा जितका उंच, तितके अंतर आपल्याला मिळते.”

कृत्तिका गुडघ्यांवर बसली आणि वीत लावून पाहू लागली. पुढची चाकं चिमुकली, त्यांचा आस जमिनीपासून आठ सेंटीमीटरवर. पायरीचा कोपरा नऊवर. “अगं आई, आस कोपऱ्याच्या खालीच आहे. म्हणजे आपण बिजागरी ढकलतोय. छे, तिच्याही खाली ढकलतोय. कितीही जोर लावला तरी चढणारच नाही. या चाकांना ही पायरी म्हणजे भिंत आहे.”

“बरोबर,” यंत्रमानव म्हणाला. “मागची चाके मोठी. आस पंधरा सेंटीमीटरवर, म्हणजे कोपऱ्याच्या सहा सेंटीमीटर वर. शिवाय उलटी ओढताना आपण तिरके वर ओढता, त्याने अंतर आणखी वाढते. म्हणून चढते. पण जवळजवळ गाडीच्या वजनाइतकाच जोर द्यावा लागतो.”

“पस्तीस किलो,” आई म्हणाली. “आणि वर मुलांचं सगळं सांभाळून.”

कृत्तिका उठून उभी राहिली. तिचं लक्ष फाटकाकडे गेलं होतं. “इथे पदपथ खाली का आणलाय?”

“नियम बावीस. वाहनास पायरी चढता येत नाही, म्हणून वाहनासाठी उतार करावा.”

“का चढता येत नाही?”

“वाहनास चाके असतात.”

“मग ही काय आहेत?” तिने बाबागाडीच्या चाकांवर हात आपटला.

तपासनिसाचा एक पाय उचललेला होता तो तसाच राहिला. मोटारीत बसून फाटकातून आत जाणाऱ्याला चाकं आहेत हे शहराच्या ध्यानात आलं होतं, आणि ज्यांना चाकांशिवाय घराबाहेर पडताच येत नाही, त्या तान्ह्या मुलांची चाकं कुणाला दिसली नव्हती. नियम लिहिणाऱ्याला दिसली नाहीत, तपासणाऱ्यालाही नाहीत. राग यावा अशीच गोष्ट आहे ती.

“स्वतः अनुभवलेलंच लिहितोस ना?” कृत्तिका म्हणाली. “घे मग. ढकल.”

आईने तानूला कडेवर घेतलं, कृत्तिकाने अंबरचा हात घट्ट धरला. यंत्रमानवाच्या पाठीवरच्या पेट्या बरोबर बावीस किलोंच्या होत्या, म्हणजे दोन मुलं आणि पिशवीएवढ्या. त्या आसनांवर बसवल्या.

“जोर आईएवढाच लावायचा,” कृत्तिकाने बजावलं. “आणि एकाच हाताने. दुसऱ्या हाताने आईला कुणा ना कुणाला सावरावं लागतं.”

त्याने सरळ ढकलली. पुढची चाकं कोपऱ्याला टेकून बसली, मागची उचलली गेली आणि पुढची पेटी घसरून धाडकन खाली पडली. “तिथे अंबर असतो,” आई शांतपणे म्हणाली. त्याने गाडी उलटी फिरवली. तीनदा ओढल्यावर ती चढली.

पुढच्या तेरा पायऱ्या त्याने तशाच पार केल्या. सातव्या पायरीपुढे पदपथाच्या मधोमध विजेचा खांब होता. बाजूने बाबागाडी मावेना, म्हणून ती रस्त्यावर उतरवावी लागली आणि समोरून आलेली विनाचालक गाडी हातभर अंतरावर येऊन थांबली. पंधराव्या पायरीला तपासनीस म्हणाला, “मी याच पदपथावरून सकाळी सहा मिनिटांत गेलो होतो.”

“आम्ही कधीच गेलो नाही,” आई म्हणाली.

केंद्राच्या दारात पोचायला त्याला चव्वेचाळीस मिनिटं लागली. तानू आत व्यायामाला गेली तेव्हा तो बाहेर उभा राहून अहवाल बोलून लिहू लागला. “सदर पदपथ सुगम नाही. चाकांवरून जाणाऱ्यांस सतरा ठिकाणी अडथळा. उपाय, प्रत्येक पायरीस उतार, प्रमाण बाराला एक.”

“म्हणजे?” कृत्तिकाने विचारलं.

“बारा सेंटीमीटर पुढे गेल्यावर एक सेंटीमीटर चढ. नऊच्या पायरीला एकशे आठ सेंटीमीटर लांब उतार. उंची तितकीच चढायची, पण वाट बारा पट लांब, म्हणून जोर बाराव्या हिश्श्याचा. पस्तीस किलोंच्या गाडीला जेमतेम तीन किलोंचा.”

“एवढं माहीत होतं तुला, तरी हिरवा कागद लावत सुटलास?”

“माहीत होते,” तो म्हणाला. “लागू केले नव्हते.” मग म्हणाला, “याआधी मी एकशे बारा पदपथ सुगम ठरवले आहेत. ते पुन्हा तपासावे लागतील. त्यासाठी एक बाबागाडी लागेल.”

“आमची मिळणार नाही,” आई म्हणाली.

अहवाल बाराला दोन मिनिटं कमी असताना गेला. उतार व्हायला चार महिने लागले, आणि ते आपोआप झाले असं समजू नका. कृत्तिका रोज संध्याकाळी मोजपट्टी घेऊन जाई. एका फाटकाशी गवंड्याने एकशे आठऐवजी साठच सेंटीमीटरचा उतार केला होता. “एवढ्याने काय बिघडतं?” तो म्हणाला. काय बिघडतं ते कृत्तिकाने त्याला आघूर्णापासून सुरुवात करून इतकं सविस्तर सांगितलं, की दुसऱ्या दिवशी त्याने तो फोडून नवा केला. खांबही बाजूला सरकला. तपासनीस नऊला नगरपालिकेने स्वतःची बाबागाडी घेऊन दिली, आणि शेजारच्या दोन शहरांनी आपल्या तपासनिसांसाठी तशाच मागवल्या.

मग एका मंगळवारी कृत्तिका प्रयोगशाळेत पहिल्यांदाच पुढच्या बाकावर बसली. बाई तरफ शिकवत होत्या, पण तिचं अर्धं लक्ष मनगटावरच्या पडद्याकडे होतं. दहा वाजून बारा मिनिटांनी त्यावर आईचा निरोप उमटला.

“पोचलो तिघं. कुणालाही हाक मारावी लागली नाही.”