शेळीनं खाल्लेला शेवट

नंदाची आरोळी ऐकून म्हसू धावला, तोवर शेळीनं पुस्तकाची शेवटची पानं चावून गिळली होती.

"वाचनालयाचं पुस्तक हाय रं मेल्या!"

"शेळीला काय ठावं?"

"आता शेवट कोण सांगणार? तुजी शेळी?"

नांदे गावातलं ते वावर नंदाच्या बापाचं. खतासाठी म्हसूची मेंढरं तिथं चार दिवस बसवली होती. नंदानं शिक्षा ठरवली — रोज दुपारी ती वाचणार, त्यानं ऐकायचं, आणि चौथ्या दिवशी शेवट त्यानंच सांगायचा.

गोष्ट लई जुनी, रोमची. येशूला मानणाऱ्यांना राजा धरून मारत होता तेव्हाची. मातीचे दिवे घडवणारी एक पोरगी कोठडीत, आणि दारावर पहाऱ्याला तिच्यावर जीव जडलेला शिपाई. किल्ली त्याच्याच कमरेला. ऐकता ऐकता म्हसूचं मेंढरांवरचं ध्यान उडायचं. पान उलटताना नंदा बोट जिभेला लावायची... मग गोष्टीवरचंही उडायचं.

चौथ्या दिवशी वाचन कुरतडलेल्या पानाशी येऊन थांबलं. सकाळी कळप पुढं हलणार होता.

"सांग आता."

"त्यानं दार उघडलं."

"आन्?"

"दोघं डोंगरात गेली... मेंढरं राखली."

"रोमात मेंढरं कुटली?"

"असत्यात. मेंढरं समद्या जगात असत्यात."

"ती दिवे घडवणारी. तिला मेंढरं जमतील व्हय?"

म्हसू हातातल्या काठीकडं बघत म्हणाला, "तो शिकवंल की. पण — यील का ती?"

नंदानं पुस्तक मिटलं. "दार उघडल्यावर आत कोण बसतंय, येड्या?"

दोघांचा बत्तीस वर्षं संसार झाला. गेल्या पौषात नंदा गेली. तिच्या ट्रंकेत तेच पुस्तक निघालं. परत करायचं राहूनच गेलं होतं. म्हसू ते घेऊन पिरंगुटच्या वाचनालयात गेला. तिथल्या बंडोपंतांनी पुस्तक उलटसुलट पाहिलं आणि कपाटातून दुसरं काढलं.

"ही बघा, याचीच अख्खी प्रत. शेवट वाचून दाखवू?"

म्हसूनं त्या दुसऱ्या प्रतीकडं पाहिलं.

"त्यात मेंढरं हायेत का?"

बंडोपंतांनी शेवटची पानं चाळली. "नाहीत हो. मेंढरं कुठंच नाहीत."

"मग ते पुस्तक येगळं हाय," म्हसू म्हणाला. त्यानं कुरतडलेलं पुस्तक टेबलावरून उचललं. "हे... परत नेऊ का?"

"न्या," बंडोपंत म्हणाले. "इतकी वर्षं ठेवलंत, आता काय!"