आत्या अर्ध्यातून का उतरली?

"घाबरली! उतरली! नापास!" मुकादम ओरडला, आणि भिंतीवर बसलेल्या भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

सुट्टी लागल्यापासून आत्याचा डबा पोचवायला ती रोज या आवारात यायची. सोबत धाकटा भाऊ टिल्लू आणि शेजारचा ढापण्या. शहरातली झाडं छाटणाऱ्या कामगारांचं हे आवार. आज इथे परीक्षा होती. वरच्या बेचक्यातून सोडलेला दोर कमरेच्या पट्ट्याला बांधून मधल्या उंच झाडावर चढायचं आणि घंटी वाजवायची. वाजवील त्याला झाडावर चढायचं काम शिकायला मिळणार.

आत्याने इतकी वर्षं खाली उभं राहून दुसऱ्यांचे दोर धरले होते, पडलेल्या फांद्या ओढल्या होत्या. पुढच्या परीक्षेला ती वयात बसणार नव्हती. म्हणजे आजच काय ते! आणि आज ती निम्म्यात थांबली, वर बघत राहिली आणि सरळ खाली आली.

"वरच्या बेचक्यात काहीतरी करकरतंय," कमरेचा पट्टा सोडत ती म्हणाली. "दोराला ताण बसला की आवाज येतो. कुणीतरी शिडी लावून बघा."

"तुझेच दात करकरले असतील!" मुकादम खेकसला. बाकीचे फिदीफिदी हसले. "दोर नवा, पट्टा नवा, आणि म्हणे आवाज! सबबी नकोत. झाडू घे आणि पाचोळा गोळा कर. जेवणं झाली की माझा मेहुणा चढेल, तेव्हा बघ कसं चढतात ते!"

मेहुण्याने मिशीवरून हात फिरवला. असला राग आला भिंगरीला!

"आत्या, तू खरंच घाबरलीस?" तिने डबा जवळजवळ आदळलाच.

"घाबरले तर! मी काय दगड आहे?" आत्याही तडकली. "पण घाबरले म्हणून उतरले नाही. आवाज आला म्हणून उतरले. तुलाही पटत नसेल, तर जा घरी!"

भिंगरी तोंड फुगवून झाडाखाली जाऊन बसली. टिल्लू तिला चिडवणार, एवढ्यात ढापण्याने चष्मा काढला. "कुणी धूळ उडवली रे?"

"माझ्याकडे काय बघतोस? तूच आंघोळ केली नसशील!"

"गप! हा भुसा आहे. लाकडाचा भुसा. या झाडाला करवत कुणी लावली?"

तिघांनी खाली पाहिलं. तपकिरी भुसा फक्त एकाच जागी पडला होता, बरोबर त्या बेचक्याखाली. भिंगरीने लोंबणारा दोर हळूच खेचला. वरून आणखी भुसा भुरभुरला, आणि कर्रर्र!

"आवाज आला!" टिल्लू किंचाळला.

जेवून मुकादम परत आला, तसे तिघं त्याच्याकडे धावले. तो झाडाखालच्या आपल्या खुर्चीत नुकताच टेकला होता. "मुकादमकाका, बेचकं आतून..."

"चला, फुटा इथून! पुन्हा दिसलात तर तंगडी मोडीन!"

मेहुणा तर पट्टा बांधायलाही लागला होता. तो वर गेला आणि बेचकं तुटलं तर? भिंगरीने इकडेतिकडे पाहिलं. झाडाजवळ वाळूचं एक पोतं पडलं होतं. मग एकदम तिचे डोळे चमकले.

"फुटतो, फुटतो!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पण काका, तुमच्या मेहुण्याला ते वाळूचं पोतं दोराने वर चढवता येईल? नाहीच येणार! आमची आत्या एकटी ओढते!"

"काय?" मेहुणा लालबुंद झाला. "आण ते पोतं!"

"जवळून कुणीही ओढेल," ढापण्याने नाक उडवलं. "त्या भिंतीपासून ओढून दाखवा!"

"आणि काका, तुम्ही तिकडे उभे राहा, नाहीतर लांबून बघून मागाहून खोटं बोलाल!" टिल्लूने ठोकून दिलं.

मुकादम तावातावाने खुर्चीतून उठला आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. "ओढ रे! या कार्ट्यांची तोंडं बंद कर!"

मेहुण्याने जोर लावला. पोतं उचललं गेलं, हेलकावलं, वर वर जाऊ लागलं. आणि काडकन आवाज झाला! अख्खं बेचकं तुटून पोत्यासकट खाली कोसळलं. मुकादमाच्या खुर्चीचा पार चुराडा झाला.

मेहुणा चार पावलं मागे सरला. पट्टा अजून त्याच्या कमरेलाच होता.

धडाका ऐकून ऑफिसातून मोठ्या बाई धावत आल्या. साऱ्या आवाराच्या त्या प्रमुख. भिंगरीने धापा टाकत सगळं सांगितलं. बाईंनी तुटलेलं लाकूड उलटवून पाहिलं. दोराने घासून घासून खोल चर पडला होता, त्यातून पाणी मुरून आतलं लाकूड कुजलं होतं.

"हे वर चढून शेवटचं कुणी बघितलं?"

"तिथे सुतळी कायम अडकवलेली असते बाई," मुकादम पुटपुटला. "दरवर्षी नवा दोर तिला बांधून खालूनच वर ओढतो. चढावं लागत नाही."

"म्हणजे झाडावर चढायची परीक्षा घेता, आणि झाड तपासायला कुणी चढतच नाही!" बाई कडाडल्या. "या बाईने सांगितलं, तेही ऐकलं नाहीत! अशी आवाजाला कान देणारी माणसंच मला वर हवीत. आणि पोरांनो, शाबास! तुमच्यामुळे आज एक जीव वाचला."

"शाबास बिबास नंतर," आत्याने भिंगरीचा कान पिळला. "पुन्हा न विचारता दोराला हात लावलास, तर बघ!" पण कान सोडल्यावर तिने भिंगरीला घट्ट जवळ घेतलं.

बाईंनी घंटी दुसऱ्या झाडावर बांधायला लावली. या वेळी बेचकं आधी शिडीवरून ठोकून पाहिलं, मगच दोर चढला. "पुन्हा परीक्षा!" त्या म्हणाल्या. "आणि खालून दोर मुकादम धरतील."

मुकादमाने दात खाऊन दोर धरला. आत्या चढली. निम्म्यात थांबली, कान दिला, आणि पुढे निघाली.

घण् घण् घण्! भिंगरी, टिल्लू आणि ढापण्या यांनी आवार डोक्यावर घेतलं.

वरून आत्याचा आवाज आला, "मुकादम, नीट धरलाय ना? दोर नवा आहे म्हणून ढिला सोडू नका!"

आता मात्र सगळे मुकादमाला हसत होते, मेहुणासुद्धा.