अंबूआजीचा अंगठा

"अबे इंद्रभान, हळू! फांदी तुटन ना!"

"चूप राह्य शालू! खाली पाह्य!"

इंद्रभान, त्याची बहीण शालू आणि सुट्टीत भिलाईहून मामाकडे आलेली सिंधू, तिघं कैऱ्या चोरायला भगवानरावांच्या आंब्यावर चढली होती. खाली मागच्या अंगणात भगवानरावांनी शाईच्या पॅडवर स्वतःचा डावा अंगठा दाबला, एका कागदावर उठवला आणि कागद घेऊन पुढच्या ओट्यावर गेले. तिथं पोस्टमन बसला होता.

"मॅट्रिक झालेला मानूस अंगठा काऊन लावते बे?" शालूने विचारलं. इंद्रभानने तिच्या हातात आणखी एक कैरी कोंबली.

संध्याकाळी सिंधूला एक निरोप पोचवायचा होता. तिच्या वडिलांबरोबर भिलाईच्या कारखान्यात कडूबा नावाचा माणूस होता. तीन वर्षांपूर्वी आईशी भांडून गेलेला! त्याची आई अंबूबाई गावाच्या टोकाला एकटी राहायची. अजूनही रोज दोघांच्या भाकरी थापायची आणि उरलेल्या सकाळी गाईला घालायची.

सिंधूने तिच्या हातात एक चिठोरी ठेवली. "आजी, तुम्हाला आलेल्या मनिऑर्डरची ही पोचपावती, तुमच्या अंगठ्याची. कडूबाकाकांनी सगळ्या डब्यात जपून ठेवल्यात. म्हणतात, माय बोलत नाही, पण अंगठा तरी धाडते."

"कोनती मनिआर्डर वं पोरी? मले त वाटलं, पोरगं इसरलं मले!"

म्हातारीने डावा हात पुढे केला. त्याला अंगठाच नव्हता! कडूबा गेल्यावर त्याच साली ज्वारी कापताना विळ्याने तुटलेला.

"बाप रे! मंग त्या अंगनातला अंगठा..." इंद्रभान ताडकन उभाच राहिला.

भगवानराव म्हणजे अंबूबाईचा सख्खा पुतण्या! मनिऑर्डर त्यांच्याच पत्त्यावर यायची आणि परगावच्या पोस्टमनला वाटायचं, म्हातारी तिथंच राहते. पोरांनी गावच्या किसनराव पाटलांना सांगितलं, तर त्यांना पटेना. "भगवान? अबे, तो तिले दर दिवाळीले लुगडं देते!"

"तिच्याच पैशानं देते, आबा!" शालू फणकारली. "सुट्टी संपायच्या आत पुढची मनिआर्डर येईन. तवा या, अन् डोळ्यानं पाहा!"

जूनच्या पहिल्या आठवड्यात भगवानरावांच्या ओट्यापुढे पोस्टमनची सायकल वाजली.

"काकू तापाने निजलीय. आतून अंगठा घेऊन येतो," म्हणत भगवानराव आत गेले. तेवढ्यात शालूने अंबूबाईला हाताला धरून आणलं आणि पदर पुढे ओढून पोस्टमनशेजारी बसवलं. मागे पाटील उभे राहिले.

कागदावर फुंकर मारत भगवानराव बाहेर आले. "घ्या! डोळेसुद्धा उघडत नव्हती बिचारी. मीच हात धरून अंगठा उठवला."

"कोनाचा हात धरला रे भगवाना?"

पदर मागे सरला. बिनअंगठ्याचा हात पुढे आला. भगवानरावांनी आपला हात झटकन पाठीमागे लपवला, पण तिथं इंद्रभान टपूनच होता!

"निळा हाय, आबा! निळाशार!"

पोस्टमनने मान खाली घातली. "तीन वर्सं झाले, मी कधी आत जाऊन पाह्यलंच नाही."

"पै न् पै वापस कर भगवान, नाही त ठान्यात चल!" पाटील गरजले. मग पोरांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे पोट्टेहो! आमी मोठे मानसं आंधळे झालो होतो."

अंबूबाईचं पैशांकडे लक्षच नव्हतं. तिला हुंदका आवरेना. "माह्यं लेकरू तिकडं भलत्याच्याच अंगठ्याशी बोलत राह्यलं. अन् मी इथं भिताडाशी!"

सिंधूने पोस्टकार्ड आणलं. म्हातारीने त्यावर उजवा अंगठा दाबला, चांगला जोर लावून.

"लिही पोरी. डावा राह्यला नाही, म्हनून उजवा धाडला. अन् मनिआर्डर नको म्हनाव. तूच ये."

शाई वाळेपर्यंत तिने कार्ड कोणाच्या हातात दिलं नाही.